गादीच्या कापसातलं शिसं

‘भेसळ’ हा शब्द मला आजही शांतपणे ऐकता येत नाही. पेपरात भेसळीची बातमी दिसली की आधी माझ्या हातून पेपर चुरगळतो, मग मी तो सरळ करून वाचते. घरातले हसतात. हसोत बापडे. त्यांनी ती जिनिंग, कापसातली सरकी काढायचा तो कारखाना, पाहिलेला नाही, आणि तिथल्या सिमेंटच्या आवारात पदर खोचून उभी राहिलेली आमची माय पाहिलेली नाही.

आमचं गाव घाटंजी तालुक्यातलं. शेत कोरडवाहू, कापसाचं, मधेमधे तुरीच्या ओळी. आजोबांच्या पिढीनं धम्म स्वीकारला, आणि त्यांच्याच पिढीनं लोकांच्या शेतात राबून हा तुकडा घेतला. गावात मिरवावं असं आमच्याकडे काही नव्हतं. ना मोठं घर, ना कुणी साहेब. एक गोष्ट मात्र होती. आमचा कापूस साफ. बाजारात बाबा दिसले की ओळखीचा माणूस शेजारच्याला सांगायचा, “यायच्या गाडीत पान सापडत नाई.” एवढंच वाक्य. पण त्या वाक्यावर बाबा वर्षभर ताठ चालायचे.

नाव बाबांचं होतं आणि हात मायचे होते, हे मात्र कुणी म्हणत नसे. माझा पहिला राग तिथला. माय दव सुकल्याशिवाय बोंडाला हात लावायची नाही. कमरेला दोन ओट्या बांधायची, एकीत चांगला कापूस, दुसरीत डागी, किडका, म्हणजे कवडी. बोंडाला वाळल्या पानाचा चुरा चिकटलेला दिसला तर तो तिथंच, पऱ्हाटीजवळ, म्हणजे कापसाच्या झाडाजवळ उभं राहून काढायची. “घरी नेऊन साफ करू” हे तिला मान्य नव्हतं. ती म्हणायची, “घरी गेल्यावर घरचं काम असते.” दुसऱ्यांच्या शेतात बाया किलोवर वेचत होत्या, त्यांनी कशाला पान काढत बसावं? त्यांचं काही चुकत नव्हतं. पण माय स्वतःच्या शेतात वेचत होती, आणि तिला ते जमत होतं, आणि तिला त्याचा माज होता. असायलाच हवा होता.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. भाव कधी येईल याची वाट पाहत जो तो कापूस घरातच भरून ठेवायचा. आमच्या मागच्या खोलीत आढ्यापर्यंत गंजी असायची. खोलीत कापूस आणि ओसरीवर माणसं, अशी झोपण्याची व्यवस्था. कापसातले बारीक किडे अंगावर येऊन खाज सुटायची, सगळ्या गावाचे हात कोपरापर्यंत खाजवून लाल झालेले. शहरातून गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे. त्यांना ज्याच्या घरी कर्जापायी कुणी गेलंय असं घर हवं असायचं. एकदा एकानं आमच्या दारात उभं राहून बाबांना विचारलं, “इथे कुणी...?” आणि पुढचा शब्द गिळला. बाबा म्हणाले, “नाई. आम्ही जित्ते हाओत.” तो वही मिटून पुढच्या घराकडे गेला. जिवंत माणसाच्या खाजेची बातमी होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच वर्षांत मी यवतमाळच्या कॉलेजात एनसीसीत होते. शिबिरात पहिल्यांदा रायफल हातात आली. माझे सगळे नेम एकाच जागी जात होते, आणि हवालदारांनी लक्ष्याचा कागद दोनदा उलटून पाहिला. त्यांना वाटलं, एकच गोळी लागली आहे, बाकीच्या मातीत गेल्या. जवळून पाहिलं तेव्हा एकाच भोकाच्या कडा खाल्ल्यासारख्या झाल्या होत्या. मला काय करायचं आहे ते मला त्या कागदानं सांगितलं. नागपूरला राज्याच्या एअर रायफल स्पर्धेची निवड होणार होती, दहा मीटरवरून, खुली, कुणीही यावं अशी. बाबांनी यवतमाळच्या एका निवृत्त गृहस्थाकडून त्यांची जुनी एअर रायफल आणली. हवेच्या दाबावर चालणारी, कागदाला भोक पाडणारी. तिला परवाना लागत नव्हता. तरी पोलीस पाटील दोनदा आमच्याकडे चहा पिऊन गेला आणि दोन्ही वेळा सहज विचारल्यासारखं रायफल पाहून गेला. पारावर चर्चा झाली, “यायले कायले पाह्यजे बंदूक?” यायले म्हणजे कुणाला, ते सांगायची गरज नाही. गावात दोन घरी खऱ्या, बारा बोअरच्या बंदुका होत्या. त्यांना कुणी कायले विचारलं नव्हतं.

मायचा विरोध वेगळा होता. “रोज सकायी वंदनेत काय म्हणतो आपण? जीव घेणार नाई म्हणतो. अन् घरात हे?” मी तिला कागद दाखवला. जीव नाही, कागद. तिनं कागद हातात घेतला, भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “पाखरू दिसलं अन् हात शिवशिवला, तर त्याच दिवशी चुलीत घालीन.” तिनं ते केलं असतं. लाकडी दस्ता नक्की जळला असता.

आता रायफल आली, पण छर्रे कुठून आणायचे? यवतमाळच्या दुकानात मिळायचे ते जत्रेत फुगे फोडायचे. कुणाची कड वाकडी, कुणाचं डोकं चपटं, एका डबीतले दोन छर्रे एकासारखे नसायचे. त्यांच्या भरवशावर नेम म्हणजे आंधळ्यानं सुईत दोरा ओवणं. चांगले परदेशी छर्रे नागपूरला यायचे आणि शहरातल्या पोरांनी उचलले की संपायचे. मी फोन केला तर पलीकडचा म्हणाला, “आधी सांगून ठेवायला पाहिजे होतं.” मी आधीच सांगून ठेवलं होतं. स्पर्धा सगळ्यांना खुली होती, आम्हाला बंदी कुणीच केली नव्हती. फक्त छर्रे मिळत नव्हते. आपल्याकडे दार असंच बंद करतात, कडी न लावता.

म्हणून मी ठरवलं की छर्रे घरीच दाबायचे.

ओतायचे नाहीत, दाबायचे. वितळवून ओतलेल्या शिशात बुडबुडा राहतो, आणि बुडबुडा राहिला की वजन एका अंगाला जातं. थंड, मऊ शिशाचा तुकडा पोलादी साच्यात ठेवून वरून दट्ट्यानं दाब दिला, की शिसं मुकाट्यानं साच्याचा आकार घेतं. खऱ्या बंदुकीच्या गोळीला शिशावर तांब्याचं आवरण चढवतात. ते परवान्याचं काम, ते आपलं नाही आणि मला नकोही होतं. माझ्या वाट्याला उघडं शिसं, तुरीच्या दाण्याएवढं. भंगारवाल्याकडे जुन्या टेलिफोन केबलवरचं शिशाचं आवरण मिळालं, नखानं ओरखडा उठेल इतकं मऊ. त्याच्याकडेच एक हात-प्रेस पडला होता, ज्यावर एके काळी कुणीतरी शाळेचे बिल्ले ठोकायचा. साचा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्यानं करून दिला. त्यानंही विचारलंच, “मॅडम, हे कोणासाठी?” माझ्यासाठी म्हटल्यावर तो साच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहत राहिला.

सुरुवात कशी झाली म्हणाल तर वाईट झाली. पहिल्या दिवशी साच्याला भरपूर तेल लावलं, बैलगाडीच्या आसाला लावतात तसं. तेलाला निघायला वाट नव्हती. ते शिशाशेजारी दाबून बसलं आणि प्रत्येक छर्ऱ्यावर देवीच्या व्रणासारखा खड्डा पडला. तेल कमी केलं तर छर्रा आत अडकला, आणि काढताना त्याची कड सोलली. मग बोटाला जेमतेम ओल लागेल इतकंच तेल, तेही तुकड्यांना चोळून, साच्यात थेंब नाही, हे जमायला बरेच दिवस गेले. तुकडे एकाच वजनाचे हवेत, तर तोळामासा मोजायचा सोनाराचा जुना काटा बाबांनी कुठूनसा आणला. मी तासन् तास शिशाची पट्टी कापून तोलत बसायची. माय जाता येता म्हणायची, “एवढ्यात तं मणभर तूर निवडून झाली असती.” आणि शिशाला हात लागला की साबणानं हात धुतल्याशिवाय तिनं मला कधी कणकेजवळ फिरकू दिलं नाही. त्या बाबतीत ती कुठल्याही डॉक्टरपेक्षा कडक होती.

तरी नेम बसेना. छर्रे दिसायला गुळगुळीत, वजनाला सारखे, आणि कागदावर मात्र सैरावैरा. एके दिवशी उन्हात धरून पाहिलं तर प्रत्येक छर्ऱ्यावर केसाएवढी बारीक रेघ. कुणावर एक, कुणावर तीन. कितीतरी वेळ कळेना की ही रेघ कशाची. मग मायच्या हातावरच्या केसांवर पांढरा धूसर कापूस दिसला, आणि डोक्यात उजेड पडला. आमच्या घरात हवासुद्धा कापसाची होती! तंतू उडत होते, तेलाला चिकटत होते, साच्यात जात होते आणि शिशावर आपली सही करून जात होते. असली अडचण जगात दुसऱ्या कुणाला आली नसेल. मी प्रेस गोठ्यात नेला, बैलांच्या बाजूला. दर छर्ऱ्याआधी कोंबडीच्या पिसानं साचा झाडायला लागले. रेघा गेल्या. आणि भोकं हळूहळू एकमेकांजवळ सरकायला लागली.

नेम धरायची जागा गोठ्याच्या दारापासून मागच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत. दहा मीटर मोजून घेतले. पण छर्रा अडवायला मागे काय ठेवायचं? भिंतीवर मारला तर उडून परत येतो. लाकूड चिरतं. माती आणून पोती भरली तर ती फाटून गळायला लागली. शेवटी मायनंच वाट काढली. माझ्यासाठी नवी गादी भरायची म्हणून तिनं थोडा कापूस बाजूला काढून ठेवला होता, कवडी नाही, चांगल्यातला. जुन्या ठिगळाच्या लुगड्यात आवळून बांधलेलं घट्ट गाठोडं. ते तिनं उंबऱ्यावर आणून ठेवलं, मागे पत्रा उभा केला आणि म्हणाली, “मार याच्यात. हा गादीचा हाय, इकाचा नाई. गादी भराच्या टायमाले शिसं मी येचून घेईन.”

“सगळं निघेल?” मी विचारलं.

“पान निघते तं शिसं नाई निघत?”

तेव्हापासून लक्ष्याचा कागद त्या गाठोड्याच्या पोटावर, रोज त्याच ठिगळावर टाचणीनं टोचायचा. कागद बदलायचा, जागा तीच. छर्रा कापसात वीतभर आत जाऊन थांबायचा. ज्या बाईला रायफल घरात नको होती, तिनंच तिच्यापुढे स्वतःचा कापूस ठेवला. मी तेव्हा तिचे आभारबिभार मानले नाहीत. आमच्यात तशी पद्धत नाही.

आता बाबांची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. कापूस विकायला काढला, की घरात मूठभरही मागे ठेवायचा नाही. खोली झाडून, कोपरे खरवडून, उंबऱ्यावरचा तंतूसुद्धा गोळा करून गाडीत टाकायचा. राहिलेल्या कापसात किडा धरतो आणि वर्षभर खाज देतो, हे त्यांचं म्हणणं. त्या वर्षी भाव जरा हलला अशी हूल उठली आणि गावातून मेटाडोर निघायला लागले. आमच्याही दारात एक लागला. हमालांनी गंजी सुटी करून भरली, तुडवून दाबली. माय घाटंजीच्या बाजाराला आमच्यासोबत येणार म्हणून तयारी करत होती, मी रायफल पुसून आत ठेवत होते. बाबांनी खोली झाडली, वळून पाहिलं तर उंबऱ्यावर एक गाठोडं. कागद मी आदल्या दिवशीच काढला होता. ठिगळांच्या लुगड्यात एक भोक जास्त आहे, हे कोण बघतो? त्यांनी गाठोडं उचललं आणि मेटाडोरच्या अगदी वर ठेवलं. इतका स्वच्छ माणूस! त्याची स्वच्छताच त्याला नडली.

घाटंजीच्या जिनिंगच्या दारात रांग होती. आमचा नंबर लागला तेव्हा ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा माणूस, खुर्ची सोडून आला. हातात काठी, बोटात अंगठ्या. तो आधी भाव पाडायचा आणि मग कापूस पाहायचा. बाबा त्याला म्हणाले, “साहेब, पाहून घ्या, आपला माल साफ असते.” हे ते दर वर्षी म्हणायचे आणि दर वर्षी ते खरं निघायचं. ग्रेडर वर चढला. समोरच बांधलेलं गाठोडं. त्यानं लुगड्याच्या भोकातूनच दोन बोटं मुळापर्यंत आत घातली, आणि थांबला. हात बाहेर आला तेव्हा तळव्यावर कापसात गुरफटलेले दोन काळपट दाणे होते.

“शिसं!” तो ओरडला. त्याला आनंदच झाला होता, हे मी शपथेवर सांगते. “कापसात शिसं! वजन वाढवाले शिसं घालता? आजवर गोटे पाह्यले, मीठ पाह्यलं, हे नवीनच! तुमच्या मोहल्ल्यातलं डोकंच भारी.”

रांगेतली माणसं जवळ आली. हमाल आले. कुणीतरी म्हणालं, “यायचाच कापूस साफ म्हणत होते नं?” बाबांचा चेहरा मी पाहिला आणि नंतर कधी पाहू नये असं वाटलं. आयुष्यात माणसाकडे एकच वाक्य होतं आणि ते आता सगळ्यांसमोर उलटं वाचलं जात होतं.

मी पुढे झाले. म्हटलं, “साहेब, हे गाठोडं गादीचं आहे, चुकून आलं. त्यातले छर्रे माझे आहेत. मी नेम मारते त्यावर. स्पर्धेची तयारी करून राह्यली मी.”

त्यानं माझ्याकडे वरून खाली पाहिलं. मग रांगेकडे वळून म्हणाला, “ऐका! पोट्टी बंदूक चालवते म्हणे!” आणि सगळे हसले. आमच्या ओळखीचेही हसले, तेच जे बाबांच्या कापसाची तारीफ करायचे. मग तो सावकाश म्हणाला, “हात जोडा, चुकलो म्हणा. कट्टी लावून, भाव कापून घेऊन टाकतो. नाई तं तुमच्या गाडीले या दारातून पुन्हा आत येऊ देणार नाई. भेसळवाले म्हणून सगळ्या जिनिंगवाल्यायले फोन करतो.”

आता त्या आवाराचं वर्णन करते, कारण तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते दिसत होतं आणि कुणीच बघत नव्हतं. ग्रेडरच्या मागे कापसाची डोंगराएवढी गंजी होती. तिच्यावर एक माणूस रबरी पाइप धरून उभा होता आणि पाणी मारत होता. दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. ओला कापूस जड होतो. गाठीत दाबला की ओल गाठीबरोबर विकली जाते. हे तालुक्यातल्या शेंबड्या पोराला माहीत होतं. त्याला भेसळ म्हणत नव्हते. त्याला धंदा म्हणत होते. आणि आमच्या मुठीत मावणाऱ्या शिशाला भेसळ!

बाबांनी हात जोडायला घेतले. खरंच घेतले. दोन्ही तळवे जवळ आले होते. तेवढ्यात मेटाडोरच्या पलीकडून माय आली. तिच्या हातात बाजाराची रिकामी थैली होती. ती तिनं माझ्याकडे दिली, पदर कमरेला खोचला आणि हमालाला म्हणाली, “ते गाठोडं खाली दे रे भाऊ.”

तिनं गाठोडं सिमेंटवर ठेवलं, लुगड्याचं भोक वर करून. भोक एकच होतं, रुपयाएवढं, कडा कुरतडल्यासारख्या. “हे पाहा,” ती म्हणाली, कुणा एकाला नाही, सगळ्यांना. मग गाठ सोडली, लुगडं पसरलं आणि दोन्ही हातांनी कापूस उलगडत गेली. वेचताना चालतात तशीच तिची बोटं चालत होती. वरचा कापूस बाजूला, पांढरा. खालचा बाजूला, पांढरा. कडेचा, पांढरा. कुठेही एक दाणा शिसं नाही. शेवटी मध्यभागी तिचा हात एका गोष्टीवर अडला. तिनं ती ओढून काढली. लिंबाएवढा गोळा. कितीतरी आठवड्यांचे छर्रे तंतूंत गुंतून, एकमेकांत रुतून, एक झाले होते.

“वजन वाढवाचं असतं,” ती ग्रेडरला म्हणाली, “तं गाडीभर पेरलं असतं. एका जागी कोण ठेवते? हे पोरीनं मारलेलं हाय. एक बी इकडं तिकडं गेलं नाई. पाहा नं. तुमीच इचारलं नं, पोट्टी बंदूक चालवते का?”

कुणी हसलं नाही.

“अन् खरंच वजन वाढवाचं असतं,” माय पाइपकडे बोट करून म्हणाली, “तं शिसं कायले घेतलं असतं बाप्पा? पाणी फुकट असते.”

पाइप धरलेल्या माणसानं पाइप खाली केला. एवढ्या आवारात लाज वाटलेला तो एकटाच. ग्रेडरला वाटली नाही. मायनं त्याच्यासमोर पसरलेला कापूस सरकवला. “याच्यात एक पान काढून दाखवा. एक. काढलं तं आमी हात जोडतो, म्हणाल ते कापा.”

त्याचा हात पुढे आला नाही. रांगेत मागच्या गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत तो उभा होता. आता तो चुकलं म्हणेल असं मला वाटलं होतं. लहान होते मी. तो वळला, काठीनं मेटाडोरच्या फळीवर टकटक केलं आणि म्हणाला, “गाडी बाहेर काढा. टाइम खराब करू नका. मागच्याले येऊ द्या.” बस्स. ना माफी, ना भाव, ना एक शब्द. मायनं कापूस परत लुगड्यात बांधला, एक तंतू सिमेंटवर राहू दिला नाही, आणि गोळा पदराच्या गाठीत टाकला. बाबांचे हात अजून छातीपाशीच होते. तिनं त्यांच्या दंडाला धरून त्यांना गाडीत बसवलं.

पुढच्या आठवड्यात तोच कापूस आम्ही महागावकडच्या एका जिनिंगवर नेला. तिथं कुणी कुठं फोनबिन केला नव्हता. ग्रेडरनं वरची मूठ पाहिली, मान हलवली, आणि हमालांनी सगळी गाडी गंजीवर रिकामी केली. सगळ्यांचा पडतो त्याच गंजीवर. दुसऱ्या कुणाच्या पाल्यापाचोळ्याच्या, ओल्या, कवडी मिसळलेल्या कापसावर आमचा कापूस पडला आणि दोन फावड्यांत दिसेनासा झाला. भाव सगळ्यांना एकच. मी मायकडे पाहिलं. इतकी वर्षं दव सुकायची वाट पाहणारी, पऱ्हाटीजवळ उभी राहून पानाचा चुरा काढणारी ती बाई त्या गंजीकडे बघत होती. मला घाटंजीच्या ग्रेडरपेक्षाही त्या फावड्याचा राग जास्त आला. अजून येतो. ती एवढंच म्हणाली, “चाल, बस चुकेल.”

पुढच्या हंगामात मला वाटलं होतं की आता तरी ती भराभर वेचेल. तिनं दव सुकेपर्यंत वाट पाहिली. दोन ओट्या बांधल्या. मी विचारलं, “कायले वो माय? त्याच गंजीत जाते नं?”

“त्यायच्या गंजीसाठी येचत होती का मी?” ती म्हणाली, आणि वाकली.

स्पर्धेला जाऊ की नको, हा प्रश्न घरात पुन्हा निघालाच नाही. जिनिंगहून आलो त्याच संध्याकाळी मायनं गादीचं गाठोडं उंबऱ्यावर परत ठेवलं, भोकावर नवं ठिगळ लावलं, आणि मला म्हणाली, “हसले नं ते? मग बसली काहून? दाब तुये छर्रे.” मी दाबले. नागपूरला गेले ते घरी दाबलेल्या छर्ऱ्यांची डबी घेऊनच. कितवा नंबर आला ते इथं सांगत नाही, कारण आला नंबर सांगितला की लोकांना वाटतं सगळं फिटलं. काही फिटलं नाही. त्या ग्रेडरनं चुकलं म्हटलं नाही, आणि बाबा नंतर कधीही कुणाला “आपला माल साफ असते” म्हणाले नाहीत. त्यांचं ते वाक्य त्या आवारातच राहिलं. ते मात्र मी कुणाला माफ करणार नाही.

गादी शेवटी भरली गेली. शिसं मायनं म्हटल्याप्रमाणे वेचून काढलं. तो पहिला गोळा मात्र तिनं फोडला नाही, कापसासकट ठेवून दिला, आणि ती गेल्यावर तो माझ्याकडे आला. माझ्या टेबलावर काचेच्या बरणीत असतो. शिसं काळं पडलंय, कापूस पिवळा. बरणीचं झाकण मी घट्ट लावत नाही. कुणाला यायचं असेल त्यानं यावं, हात घालावा, आणि त्या कापसात एक पान काढून दाखवावं.